होय पोचेपर्यंत

प्रिय मैथिली आणि ओम,

परवा विसर्जनाच्या दिवशी तुम्ही दोघं कॉम्प्युटरच्या पडद्यावर दाटीवाटीने बसला होतात. ओमच्या गालाला काहीतरी चिकटलेलं होतं, बहुधा जॅम. इकडे माजघरात गाऱ्हाणं चालू होतं. आजोबांनी एक ओळ म्हटली, सगळ्यांनी "होय महाराजा" म्हटलं आणि मग नेहमीप्रमाणे सगळे गप्प उभे राहिले. तेवढ्यात मैथिली ओरडली, "आजी, तुमचं नेट अडकलं का? सगळे हलायचे थांबलेत!"

सगळे हसले. आजोबाही हसले आणि पुढच्या ओळीकडे वळले. तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं मात्र राहून गेलं. आज घर रिकामं आहे. मुंबईकर परतले, गणपतीच्या डोक्यावरची लाकडी चौकट, म्हणजे माटवी, उतरवली, तिला टांगलेली कवंडळाची रानफळं परसात टाकली, पितळेच्या समया चिंचेने घासून ठेवल्या. मला कुठलंही काम अर्धं ठेवलेलं चालत नाही, हे तुमच्या बाबाने तुम्हाला सांगितलंच असेल. म्हणून ते राहिलेलं उत्तर आज लिहिते आहे. आत्ता ते बाबाकडून वाचून घ्या. मोठे झालात की स्वतः वाचा.

भाद्रपद हा आमच्याकडे गोळा होण्याचा महिना. पाऊस पुरता गेलेला नसतो, पण त्याचा जोर ओसरलेला असतो. ऊन पडतं ते धुतल्यासारखं. भात पोटरीला आलेलं असतं आणि बांधावरून चालताना त्याचा कोवळा, दुधट वास येतो. गडग्यावर तेरडा फुलतो. गडगा म्हणजे आपल्या आवाराची चिऱ्यांची भिंत, तीच, जिच्यावर ओम मागच्या खेपेला चढला आणि मग उतरता येईना म्हणून रडला. परसातल्या हळदीची पानं हातभर झालेली असतात आणि पातोळ्यांसाठी ती कापताना बोटांना जो वास लागतो तो दुसऱ्या दिवशीपर्यंत जात नाही. या सगळ्यात माणसं येऊ लागतात. मुंबईहून, पुण्याहून, रात्रभर एसटीत अवघडून. पूर्वी कोण कधी येणार हे कुणी कळवत नसे. यायचं ते येतंच, हे गृहीत असे. कुत्र्याच्या भुंकण्यावरून आम्ही ओळखत असू की घरचं माणूस आलं की परकं.

मग फोन आले. पहिल्यांदा घरातला, काळा, जड. मग मुंबईकर पुतण्यांच्या कमरेला मोबाइल लटकू लागले. संगमेश्वर ओलांडलं की त्यांची रेंज जाई आणि आपल्या घरी तर ती फक्त गडग्यावर, फणसाच्या बाजूला, उभं राहिलं तरच मिळे. त्यामुळे गणपतीत गडग्यावर कायम कुणीतरी उभं असे, एक हात कानाला, दुसरा फांदीला. आणि रेंज कमी म्हणून जो तो ओरडून बोलणार. वाडीतल्या सगळ्यांना कळायचं की प्रकाशच्या साहेबाने रजा वाढवून दिली नाही आणि सुधीरच्या बायकोला माहेरी जायचंय. खाजगी बोलण्यासाठी केलेलं यंत्र आमच्याकडे दवंडीच्या कामी आलं.

या सगळ्यावर हसणारा माणूस म्हणजे अण्णा. तुमच्या आजोबांचे थोरले भाऊ. मैथिलीने त्यांना पाहिलं आहे, पण आठवण नसेल. उंच, काटक, भुवया पांढऱ्या आणि दाट. घरातले मोठे ते, म्हणून गाऱ्हाणं त्यांचं. मूर्ती जागेवरून हलवण्याआधी, पाटासमोर उभं राहून, घरातल्या सगळ्यांच्या वतीने देवाशी मोठ्याने बोलायचं. ठरलेले मंत्र नाहीत, संस्कृत नाही. शेजाऱ्याशी बोलावं तसं. एकेक मागणं झालं की बाकीच्यांनी "होय महाराजा" म्हणायचं. म्हणजे हे एकट्याचं म्हणणं नव्हे, आमचं सगळ्यांचं आहे, अशी साक्ष. ही साक्ष देत ते पुरुष. आम्ही बायका स्वयंपाकघराच्या दारात हात जोडून उभ्या असू. आम्हाला कुणी मना केलं नव्हतं, म्हणा असंही कुणी सांगितलं नव्हतं.

गाऱ्हाण्याच्या शेवटी अण्णा घरातल्या एकेकाचं नाव घेत. वयाप्रमाणे. ज्याचं नाव येई तो स्वतः "होय महाराजा" म्हणे. लहान मुलांचं होय त्यांचे बाप म्हणत. आणि अण्णांचा एक नियम होता. जो हजर नाही, त्याचं नाव नाही.

"नाव घेतलं आणि होय आलं नाही, तर मागणं अर्धं राहतं," ते म्हणत. "अर्धं मागणं देवाच्या गळ्यात अडकवून ठेवू नये. तो बिचारा वर्षभर वाट बघत बसेल."

तोपर्यंत या नियमाचा कुणालाच त्रास झाला नव्हता, कारण गणपतीला कुणी गैरहजर राहत नसे. १९९८ साली मंदार, तुमचा बाबा, अमेरिकेला गेला. त्या भाद्रपदात अण्णा नावं घेत घेत प्रकाशपर्यंत आले. प्रकाशनंतर मंदार. पण ते थेट सुधीरवर गेले. मधे थांबलेही नाहीत. मी दारात उभी होते. शेजारी माझ्या जाऊबाई, अण्णांच्या पत्नी, आपल्या माई. त्यांनी माझ्याकडे न बघता माझा हात धरला आणि मूर्ती उचलेपर्यंत सोडला नाही.

मी अण्णांना काही बोलले नाही. त्यांचा मंदारवर राग नव्हता. उलट त्याला पोहायला त्यांनीच शिकवलं होतं, भाट्याच्या खाडीत, कमरेला सुके नारळ बांधून. नियम तो नियम, एवढंच. आणि नियमांच्या बाबतीत मी स्वतः किती सरळ आहे ते माझ्या शाळेतल्या मुलींना विचारा. पण नियम आपल्या मुलावरून उडी मारून गेला की वेगळा दिसतो.

त्यानंतर मी कॉम्प्युटर शिकले. आधी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत. प्लायवूडच्या खुराड्यांत कॉलेजची मुलं बसलेली असत आणि मला पाहिलं की माझ्याच शाळेतल्या एकदोघी घाईघाईने पडदा बदलत. मी मंदारची ईमेल छापून घरी आणी. संध्याकाळी दिवा लावून झाला की ती सगळ्यांसमोर वाचायची. मराठी, पण इंग्रजी अक्षरांत, म्हणून वाचायला मीच लागे. अण्णा झोपाळ्यावर बसून ऐकत आणि मग उत्तर सांगत. "लिही, चिरंजीव मंदार यास अनेक आशीर्वाद." मी म्हणे, "अण्णा, ईमेलमध्ये एवढं लिहीत नाहीत." ते म्हणत, "का? तार आहे काय, शब्दाला पैसे पडायला?" त्यांचं बरोबर होतं. मी सगळं लिहून पाठवी, आशीर्वादांसकट.

मग घरीच कॉम्प्युटर आला. ओटीवर, फोनशेजारी. फोनच्याच तारेतून नेट येई. लावलं की आधी डायलचे सूर, मग कुणी पत्र्यावर वाळू ओततंय असा आवाज, आणि मग शांतता. नेट चालू असलं की फोन बंद, आणि फोन चालू असला की नेट बंद. त्यातूनच कॉम्प्युटरवरून बोलताही येतं हे मंदारने मला शिकवलं. आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा यायचा आणि उशिरा. "जेवलास का?" विचारायचं, मग गप्प बसायचं, मग "हो" यायचं. घाई केली की दोघांचं बोलणं एकमेकांवर आपटायचं. मला ते लवकर जमलं. वर्गात प्रश्न विचारून मुलींच्या उत्तराची वाट बघण्यात माझा जन्म गेला होता.

आणि मग, मैथिली, तू झालीस. आषाढात. तुला बघायला आम्हाला पुढचा उन्हाळा उजाडणार होता. तुझा एक फोटो आला होता, तो पडद्यावर वरून खाली हळूहळू उतरे. आधी टोपडं, मग कपाळ, मग मिटलेले डोळे. माई म्हणाल्या, "बाई गो, ही तर जन्मली तशीच येत्येय, डोक्याकडून!"

त्या वर्षी गणपती जवळ आले आणि माझ्या मनात एकच गोष्ट. घरात नवं लेकरू आलं की पहिल्या गणपतीला त्याचं नाव देवाच्या कानावर जातं. प्रत्येक मुलाचं गेलं आहे, तुझ्या बाबाचं, आजोबांचं, त्यांच्या बाबांचं. तुझं जाणार नव्हतं. कारण तुझं होय म्हणणारा बाप हजर नव्हता.

मी अण्णांना गाठलं. ते पडवीत माटवीसाठी कवंडळांना दोरे बांधत बसले होते.

"अण्णा, होय म्हणायला माणूस समोरच लागतो का?"

"म्हणजे? पाठीमागून म्हटलं तरी चालतं. सुधीर नेहमी खांबाआडच असतो, पोटरी खाजवत."

"तसं नव्हे. मंदारने तिथून म्हटलं तर? कॉम्प्युटरवरून?"

त्यांनी कवंडळ खाली ठेवलं. "आवाज त्याचा असेल?"

"त्याचाच."

"तेव्हाचा तेव्हा? आधी भरून ठेवलेला नाही?"

"तेव्हाचा तेव्हा."

बराच वेळ दोरा बोटाभोवती गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "देवाला इंग्लंड-अमेरिका सगळं सारखंच असेल, मास्तरीणबाई. प्रश्न माझा आहे. मला ऐकू यायला हवं. मला ऐकू आलं तर मी नाव घेईन."

एवढं मला पुरे होतं. मी शिवणाची टेप घेऊन ओटीपासून माजघरापर्यंत अंतर मोजलं. बाजारातल्या रेडिओवाल्याकडून स्पीकरला आणि मायक्रोफोनला लांब तारा जोडून आणल्या आणि त्यात कुणाचा पाय अडकू नये म्हणून भिंतीच्या कडेने नीट बसवल्या. स्पीकर देवासमोर चौरंगावर ठेवायचा म्हणून त्याची धूळ पुसून घेतली. माईंनी येऊन त्याला हळद-कुंकू लावलं. मी म्हटलं, "माई, यंत्र आहे ते." त्या म्हणाल्या, "असू दे. मंदार यायचा आहे ना त्यातून?"

विसर्जनाला संध्याकाळी निघायचं होतं, म्हणजे तुमच्याकडे सकाळ. मंदार आंघोळ करून, तुला मांडीवर घेऊन बसला होता. बाहेर वाडीतले गणपती रस्त्यावर आले होते, टाळ-ढोलकी वाजत होती. शेजारच्या सदानंदने आवाज दिला, "अण्णानू, निघताव ना? सगळे खोळंबलेत!"

अण्णांनी हात जोडले.

"बा गजानना महाराजा, वर्षातून एकदा तू आमच्या दारी येतोस. आम्ही काय, गरिबाघरचं गोडधोड, मोडकंतोडकं केलं, ते गोड मानून घे रे महाराजा!"

"होय महाराजा!" पुरुषांनी म्हटलं.

अण्णा पुढे गेले. "आणि या घरात ज्याने म्हणून तुझ्या कामाला आळस केला असेल..."

"होय महाराजा!" स्पीकरमधून खणखणीत आवाज आला.

क्षणभर कुणालाच कळेना. मग सुधीरला खांबाआडून हसू फुटलं आणि सगळं माजघर हसू लागलं. अण्णांच्या भुवया वर गेल्या. मूर्तीकडे बघून ते म्हणाले, "ऐकलंस देवा? स्वतःच कबूल करतोय!"

मी पुढे होऊन सांगितलं की ते होय आधीच्या ओळीचं आहे. आपला आवाज तिकडे जायला आणि त्याचा इकडे यायला वेळ लागतो. अण्णा शांतपणे ऐकत होते. मला वाटलं, झालं, आता म्हणतील की हे राहू दे.

ते म्हणाले, "मग थांबायला हवं आपण."

"अण्णा, काळोख पडेल," तुमचे आजोबा म्हणाले. "बाहेर वाडी खोळंबलीय."

"खोळंबू दे. तो एवढ्या लांबून म्हणतोय, त्याला पोचायला वेळ नको? पहिल्यापासून घेऊ. त्याचं होय आल्याशिवाय पुढची ओळ नाही."

आणि गाऱ्हाणं पुन्हा सुरू झालं. अण्णांची ओळ. पुरुषांचं होय. मग थांबणं. मग लांबून, बारीक, एकट्याचं होय. मग पुढची ओळ.

त्या थांबण्याबद्दल मला सांगायचं आहे, पण ते सांगणं कठीण आहे. आमच्या घरात देवासमोर इतकी शांतता कधीच नसते. आरती असते, टाळ्या असतात, मुलं असतात, स्वयंपाकघरात कुणीतरी काहीतरी पाडतं. त्या दिवशी प्रत्येक ओळीनंतर तेवीस-चोवीस माणसं हात जोडून एका माणसाची वाट बघत होती. समईची वात तडतडत होती. कौलांवरून थेंब पडत होते. आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एकच भाव, कान देऊन ऐकणाऱ्याचा. माणूस समोर असताना आपण त्याचं इतक्या लक्ष देऊन कधी ऐकतो? सुधीर खांबाआडून बाहेर येऊन उभा राहिला होता.

झाडामाडांचं झालं, गुराढोरांचं झालं, आजाऱ्यांचं झालं. नावं सुरू झाली. प्रकाश. त्याने होय म्हटलं. आणि मग अण्णा एक पाऊल पुढे झाले, स्पीकरच्या बाजूला.

"आणि सातासमुद्रापलीकडे आमचा मंदार, त्याची लक्ष्मी, आणि घराला हे जे नवं पान फुटलंय, मैथिली नाव ठेवलंय तिचं. देवा, तुझी तिची ओळख नाही अजून. तर ओळख करून घे आणि तिघांना सांभाळ रे महाराजा!"

"होय महाराजा!"

थांबलो. आणि थांबलो. स्पीकरमधून काही आलं नाही. नुसती खरखर, मग तीही नाही. मी ओटीवर धावले. पडद्याच्या कोपऱ्यातली दोन छोट्या कॉम्प्युटरांची खूण गेली होती. लाइन तुटली होती. नेमकी तिथेच. नाव घेतलं गेलं होतं आणि होय आलं नव्हतं. अण्णांच्या हिशोबाने याहून वाईट काही नव्हतं.

मी दारात जाऊन सांगितलं. बाहेरून सदानंदची पुन्हा हाक आली. आजोबांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा हलले नाहीत. "थांबायचं ठरलंय," म्हणाले.

आणि फोन वाजला. नेट तुटलं म्हणूनच तो वाजू शकला.

"आई, लाइन गेली! अण्णाकाका थांबलेत का? नाव घेतलं का?"

"घेतलं. मैथिलीचंही घेतलं. तुझं होय राहिलंय."

त्याने म्हटलं. कानात, स्पष्ट. आणि मागून तुझं कुरकुरणं. मी रिसीव्हरची वळ्यावळ्यांची तार ताणत उंबरठ्यापर्यंत आले. त्यापुढे ती येईना.

"काय म्हणतो?" अण्णांनी विचारलं.

"होय म्हणतो आहे."

"म्हणतो आहे म्हणून देवाला कसं कळायचं? तो म्हणाला तसं म्हण."

"मी?"

"मग कोण? तुझ्याच कानात म्हणालाय ना? की गाऱ्हाणं पण मीच घालू आणि होय पण मीच म्हणू, मास्तरीणबाई?"

साठ-साठ मुलींच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत माझा आवाज पोचायचा. त्या दिवशी तो कुठे गेला कळेना. एका हातात रिसीव्हर, म्हणून हात जोडता येत नव्हते. सगळे पुरुष वळून माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "होय महाराजा." मंदारचं आणि तुझं. आणि ते म्हटल्याबरोबर स्वयंपाकघराच्या दारातून माईंनीही म्हटलं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

अण्णांनी मागे वळून माईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटतं, त्यांना हसू येत होतं. "पोचलं," एवढंच म्हणाले आणि सुधीरचं नाव घेतलं. आम्ही भाट्याला पोचलो तेव्हा बाकीचे गणपती पाण्यात गेले होते आणि वाळूवर अंधारात फक्त आपला उभा होता. सदानंद मात्र थांबला होता. "काय अण्णानू, अमेरिकेस्नं वरात आली काय?" म्हणाला. अण्णा म्हणाले, "आली रे. जरा उशिरा आली, पण सगळी आली."

पुढच्या वर्षीपासून बायकाही होय म्हणू लागल्या. त्यावर घरात कधी चर्चा झाली नाही. नेट सुधारलं, फोन वेगळा आणि नेट वेगळं झालं, मग कॅमेरा आला आणि तुमचे चेहरे दिसू लागले. आता तुमचं होय आमच्या होयमध्येच मिसळून येतं, कधी तर ओमचं सगळ्यांच्या आधी येतं. गणपतीच्या शुभेच्छा मात्र मोबाइलवर ढिगाने येतात, सगळ्यांच्या अक्षरशः सारख्या, आणि मी त्या वाचते न वाचते. दर्शनाला येणारे आधी फोन करून विचारतात, घरी आहात ना? सगळंच बदललं. तक्रार नाही माझी. तुमचे चेहरे बघायला मिळतात, त्यापुढे मला तक्रार सुचत नाही.

अण्णा गेले त्यानंतरच्या भाद्रपदात गाऱ्हाणं तुमच्या आजोबांकडे आलं. त्यांचा आवाज मऊ, सवय नाही. आम्हाला वाटलं, गडबडतील. त्यांनी पहिली ओळ म्हटली, सगळ्यांनी होय म्हटलं. पडद्यावरून तुम्हीही म्हटलंत, त्याच क्षणी. आता पुढे जायला हरकत नव्हती. पण ते थांबले. अण्णा थांबत तेवढेच. आणि कुणालाच ते चुकल्यासारखं वाटलं नाही. आम्ही सगळे हात जोडून ऐकत उभे राहिलो, कुणाचं होय यायचं राहिलं असेल तर यावं म्हणून.

म्हणून मैथिली, नेट अडकलेलं नव्हतं. आम्ही थांबलो होतो. आमच्या घरी अजून थांबतात.

तुमची,
आजी